बादलीला स्पॅनिशमध्ये काय म्हणू? कूबो, बाल्दे की कुबेता?

सदाफुली
नमस्कार मंडळी. प्रश्न बघून हसाल, पण एका बादलीने तीन दिवस माझी झोप उडवली आहे.

चाकणच्या बाजूला प्लास्टिकच्या घरगुती वस्तू काढणारा एक छोटा कारखाना आहे. बादल्या, टब, मग, सुपल्या, कचऱ्याचे डबे. माल बाहेर जाणार म्हणून दरपत्रक आणि मालावर चिकटवायची लेबलं स्पॅनिशमध्ये करायचं काम मला मिळालं. मी स्पॅनिश शिकले पुण्यातच, पण माद्रिदच्या वळणाचं. आमच्या बाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की बादली म्हणजे 'कूबो'. पण 'कूबो' म्हणजे घनसुद्धा. भूमितीतला घन, रुबिकचा तो रंगीत ठोकळा, सगळे कूबोच. दरपत्रकात चित्र नसतं, नुसती ओळ असते. 'कूबो, १६ लिटर, निळा' वाचून गिऱ्हाईक चक्रावेल असं आपलं मला वाटलं. शब्दकोशात शेजारीच 'कुबेता' दिसला. मेक्सिकोत बादलीला हाच शब्द, शिवाय स्त्रीलिंगी, आपल्या बादलीसारखा. मी खूश. सगळीकडे कुबेता घालून मोकळी झाले.

चौथ्या दिवशी चिलीच्या गिऱ्हाइकाची मेल. १६ लिटरचा बर्फाचा ट्रे कुठल्या फ्रीजमध्ये बसतो, अशी अत्यंत सभ्य चौकशी. त्यांच्याकडे कुबेता म्हणजे बर्फ लावायचा ट्रे! मालकांनी फोन करून एवढंच विचारलं, "मॅडम, आपण ट्रे कधीपासून काढायला लागलो?"

आता सुधारून द्यायचंय. माल जाणार स्पेन, चिली आणि मेक्सिकोला, पुढे जमलं तर अर्जेंटिनाला. शोधताना 'बाल्दे' असा तिसरा शब्दही हाती लागलाय. सगळीकडे चालेल असा एकच शब्द आहे का? लेबलचा साचा एकच करायचाय, म्हणून हा जिवाचा आटापिटा.

वालेन्सियाकर
सदाफुलीताई, स्पेनपुरतं सांगतो, अकरा वर्षं इथे फरशी पुसतोय. इथे कूबो. दुसरा विचारच करू नका. घनाची भीती उगाच घेतलीत. आपण 'वर' म्हटल्यावर नवरदेव की माळा, असा कुणाचा गोंधळ होतो का? तसंच हे. मुळात ते दोन वेगळे शब्द आहेत. बादलीवाला कूबो आला 'कूबा'वरून, म्हणजे लाकडी पिंप. घनवाला आला ग्रीकमधून लॅटिनमार्गे. योगायोगाने एकाच रूपाचे झाले.

कचऱ्याचा डबा 'कूबो दे ला बासूरा'. समुद्रावर पोरं वाळूत खेळायला नेतात ती छोटी बादली आणि फावडं म्हणजे 'कूबो इ पाला'. आणि सगळ्यात महत्त्वाचा 'कूबो दे ला फ्रेगोना', फरशी पुसायच्या दांडीवाल्या पोछ्याची बादली. तिच्या तोंडाशी जाळीचं नरसाळं असतं. पोछा त्यात दाबून पिरगाळायचा, हात ओले करायचे नाहीत.

या फ्रेगोनाचा इथे भलता अभिमान. सारागोसाचे मान्वेल खालोन हे विमानांचे अभियंते. अमेरिकेत गेले असताना तिथल्या हँगरमध्ये लोक उभ्याने फरशी पुसताना पाहिले, बादलीला पोछा पिळायचे रूळ. १९५६च्या सुमारास त्यांनी हे स्पेनमध्ये आणलं आणि पुढे प्लास्टिकच्या बादलीत बसवलं. तोवर इथल्या बायका गुडघ्यांवर बसूनच लादी घासायच्या. सुरुवातीला त्या वस्तूचं नाव होतं 'लावास्वेलोस', म्हणजे फरशी-धुणं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. 'फ्रेगोना' हा आधी भांडी घासणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बाईसाठी हिणवून वापरायचा शब्द, तोच वस्तूला चिकटला. बाईची पाठ सुटली, नाव मात्र काठीला गेलं. असो, अवांतर झालं.

एक गंमत. आमच्या मजल्यावरच्या आजी बादलीला 'पोथाल' म्हणतात. 'पोथो' म्हणजे विहीर, त्यावरून. आरागोन आणि वालेन्सियाकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी हा अजून ऐकू येतो. म्हणजे आपला पोहराच. प्लास्टिकच्या लेबलवर मात्र छापू नका.

संत्रा_बर्फी
चिलीवाल्याला हसू नका. माझं लग्न होऊन मी नागपूरहून पुण्यात आले तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "आई, भात कोणत्या गंजात लावू?" त्या दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिल्या. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं हो! त्यांना वाटलं सून लोखंडाच्या गंजात भात शिजवणार. एका राज्यात ही गत, स्पॅनिशचे तर वीस देश.

मिरज_ते_मोन्तेर्रेय
मेक्सिकोत चार वर्षं झाली, गाड्यांच्या कारखान्यात आहे. इथे कुबेताच. बाल्दे म्हटलं तरी कळतं, पण दुकानात मागायला गेलात की कुबेता.

आणि इथे कुबेता हे मापसुद्धा आहे बरं का. रंगाच्या दुकानात "एक कुबेता द्या" म्हटलं की १९ लिटरची बादली येते. पाच अमेरिकन गॅलनची ती, म्हणून १९. गच्चीवर लावायचं वॉटरप्रूफिंगही त्याच मापात. रिकामी झाली की ती घरोघर पाणी साठवायला, झाडं लावायला, उलटी करून बसायला. फोरमन दुपारी तिच्यावरच बसून जेवतो. तुमची १६ लिटरची बादली इथल्या माणसाला जरा लहान वाटेल, मालकांना सांगून ठेवा.

बीअरच्या बाटल्या बर्फात घालून आणतात तीही कुबेता. त्या बर्फातल्या कुबेतामुळे मला तुमच्या चिलीवाल्याचं अजिबात नवल वाटलं नाही.

फरशी पुसायच्या पोछ्याला इथे फ्रेगोना म्हणू नका, कुणाला कळणार नाही. 'त्रापेआदोर' म्हणायचं. आणि नुसतं फडकं असेल तर 'खेर्गा'. मी पुस्तकातून शिकलो होतो की खेर्गा म्हणजे एखाद्या धंद्यातली खास बोली. पहिल्या आठवड्यात साफसफाईच्या बाई म्हणाल्या, खेर्गा ओली आहे, इथे ठेवू नका. मी वहीत काहीतरी म्हण म्हणून लिहून ठेवलं!

आणि अंघोळ! गॅस संपला किंवा शॉवरला धार नसली की लोक कुबेता भरून पाणी घेतात आणि वाडग्याने अंगावर ओततात. त्याला 'आ खीकारासोस' अंघोळ म्हणतात. खीकारा म्हणजे मूळचं करवंटीसारख्या कठीण फळाचं भांडं, नावाटल भाषेतला शब्द. आता प्लास्टिकचंच असतं. मिरजेच्या माणसाला हे बघून घरी आल्यासारखं झालं. आपण रोज करतो ती अंघोळ इथे अडचणीतली.

रोखठोक
कशाला एवढा काथ्याकूट? बादलीचं चित्र छापा आणि सोडून द्या.

सदाफुली
रोखठोक, दरपत्रकात चित्राला जागा नाही आणि कस्टमच्या कागदावर चित्र चालत नाही हो. तिथे शब्दच लागतो.

जहाजी
मर्चंट नेव्हीत एकवीस वर्षं. आमच्या डेकवर निम्मे फिलिपिनो असतात आणि बादलीला ते 'बाल्दे'च म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, याला आपली बालदी कुणी शिकवली? मग कळलं की हा स्पॅनिशचा प्रसाद. अडीचशे वर्षं मनिला आणि मेक्सिकोचं आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं येत-जात होती, १५६५ ते १८१५.

स्पॅनिशमध्ये बाल्दे हा जहाजावरचाच शब्द. स्पॅनिश भाषेच्या राजअकादमीच्या कोशातही बाल्देच्या अर्थात खास जहाजांचा उल्लेख आहे. दोरीला बांधून समुद्रात सोडायची, भरली की ओढायची आणि डेकवर फेकायची. त्यावरून क्रियापद झालं 'बाल्देआर', पाणी फेकून डेक धुणे. जुनी बाल्दे असायची कातड्याची, कॅनव्हासची किंवा लाकडाची. ही ओढायची बादली मी केलेली आहे, सांगतो. जहाज चालत असताना बादली पाण्यात पडली की दोरी असा हिसका देते की हाताला गुंडाळून धरलेली असेल तर माणूस कठड्यापर्यंत जातो. नव्या कॅडेटला पहिल्या दिवशी सांगतात, दोरी हाताला गुंडाळायची नाही.

पणजीकर
जहाजींनी माझ्या तोंडचं वाक्य काढून घेतलं. पोर्तुगीजमध्येही 'बाल्द'च, आणि आपली बालदी, बादली, हिंदीतली बाल्टी तिथूनच आली. म्हणजे एकाच काळात एक बादली कोकणच्या किनाऱ्याला लागली आणि दुसरी तिकडे अमेरिकेच्या.

घरात नजर फिरवा, असे शब्द सगळीकडे सापडतील. दाराची बिजागरी, स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा'. चावी पोर्तुगीजांची, स्पॅनिश बहीण 'याव्हे'. गवंड्याचं घमेलं, तिकडे 'गामेया' म्हणजे गुरांना चारापाणी घालायचं लाकडी भांडं. पण सदाफुली, एक सावधगिरी. कारखाना पिंपं काढत असेल आणि जोशात 'पीपा' लिहिलंत तर पुन्हा फोन येईल. शब्द खरा तोच आहे, पण स्पेनमध्ये पीपा म्हटलं की लोकांना आठवतात सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया, किंवा तंबाखू ओढायचा पाइप.

मिरज_ते_मोन्तेर्रेय
आणि इथे पीपा म्हणजे पाण्याचा टँकर! नळाला पाणी नसलं की गल्लीत "पीपा आली, पीपा आली" अशी धावपळ. दृश्य तंतोतंत मराठवाड्यातलं. फक्त रांगेत हंडे नसतात, १९ लिटरच्या कुबेता असतात.

शब्दवेडा
उशिरा येतोय, पण हा धागा सोडवत नाही.

जहाजींच्या मुद्द्याला जोड. स्पेनमध्ये कूबो आणि दक्षिण अमेरिकेत बाल्दे हे असं का झालं, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या डेकवर आहे. अमेरिकेत जाणारा प्रत्येक स्पॅनिश माणूस आधी कित्येक आठवडे जहाजावर काढायचा. उतरला तेव्हा खलाश्यांची भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली होती. मग जमिनीवरही तेच शब्द. दोरी बांधायला स्पेनमध्ये 'आतार', तर अमेरिकेत बुटाची नाडीसुद्धा 'आमार्रार' करतात, म्हणजे होडी खुंटाला बांधतात तशी. वस्तू टाकून द्यायला 'बोतार', ओढायला 'खालार', सगळं जहाजावरचं. त्याच माळेतला बाल्दे. स्पेनमध्ये मात्र जमिनीवर आधीपासून कूबो होता, त्यामुळे बाल्देला शिरायला फारशी फट मिळाली नाही. तरी माद्रिदची पालिका रस्ते पाण्याने धुते त्याला 'बाल्देओ'च म्हणतात, आणि ते काम पाइपाने होतं, बादलीचा संबंधही उरलेला नाही.

आता सदाफुलीताईंच्या मूळ चुकीविषयी. कूबो आणि कुबेता ही एकाच घरची भावंडं. आई 'कूबा', मोठं पिंप. (पिऊन तर्र झालेल्याला स्पेनमध्ये 'कूबासारखा झालाय' म्हणतात.) कुबेता हे कूबाचं लघुरूप. म्हणजे शब्दाच्या पोटातच 'छोटं भांडं' आहे. स्पेनमध्ये ते छोटं, उथळच राहिलं: प्रयोगशाळेतली थाळी, फोटो धुवायची थाळी, बर्फाचा ट्रे. मेक्सिकोत ते पोरगं वाढून घरातली मोठी बादली झालं.

आणि इथे मराठी माणूस फसतो ते लिंगामुळे. आपल्या कानाला सवय आहे की पुल्लिंगी ते मोठं, स्त्रीलिंगी ते छोटं. हंडा-हंडी, डबा-डबी, टोपला-टोपली, पळा-पळी, सुरा-सुरी. स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा उलट. कूबो बादली, तर कूबा भलं मोठं पिंप. 'चार्को' म्हणजे डबकं, 'चार्का' म्हणजे तळं. 'वेर्तो' म्हणजे परसबाग, 'वेर्ता' म्हणजे त्याहून मोठा मळा. यालाही अपवाद आहेत, 'सेस्ता' टोपली आणि 'सेस्तो' मोठा टोपला, हे आपल्यासारखंच. म्हणून लिंगावरून आकार ओळखायला जाऊ नये.

बाल्देत आणखी एक खड्डा. 'दे बाल्दे' म्हणजे फुकट आणि 'एन बाल्दे' म्हणजे व्यर्थ. त्याचा बादलीशी काडीचा संबंध नाही, तो अरबी 'बातिल'मधून आलाय, निरर्थक या अर्थाचा. बादलीवाल्या बाल्देची व्युत्पत्ती अकादमी अनिश्चित म्हणून सोडून देते. तेव्हा जाहिरातीत 'दोन टब घ्या, बादली फुकट' असं लिहायची वेळ आलीच तर 'ग्रातिस' लिहा, नाहीतर बाल्दे दे बाल्दे होईल.

अभ्यासू_अंजीर
मध्येच विचारते, राग मानू नका. मेमध्ये देलेची, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा आहे. बादली आली तर काय लिहू?

शब्दवेडा
तिन्हींतलं कुठलंही. देलेत सुशिक्षितांच्या तोंडी असलेलं कुठल्याही देशाचं स्पॅनिश चालतं. फक्त एकाच उत्तरात अर्धं माद्रिद आणि अर्धं मेक्सिको करू नका.

रोखठोक
तोबो राहिला की. व्हेनेझुएलात बादलीला तोबो म्हणतात. मी काथ्याकूट म्हटलं खरं, पण वाचतोय सगळं.

वालेन्सियाकर
रोखठोक, या, बसा. कुबेता उलटी करून देऊ का बसायला?

सदाफुलीताई, आता मुद्द्यावर. माझ्या मते बाल्दे आणि कूबो दोन्ही छापा, मध्ये तिरकी रेघ. इथे दुकानात मिळणाऱ्या मालावर असे जोडशब्द सर्रास असतात. स्पेनमधल्या माणसाला बाल्दे जरा डेकवरचा किंवा आजोळचा वाटेल, पण कळेल. चिली आणि अर्जेंटिनात बाल्दे घरचाच. कुबेता तेवढा त्या लेबलवरून उडवा, नाहीतर पुन्हा बर्फ जमेल.

टबाचं विसरू नका. कपडे भिजत घालायच्या पसरट टबाला स्पेनमध्ये 'बार्रेन्यो', अर्जेंटिनात 'फुएन्तोन', मेक्सिकोत 'तीना'. तिथे तिरक्या रेघेनेही भागणार नाही, जागाच पुरणार नाही.

मिरज_ते_मोन्तेर्रेय
मेक्सिकोसाठी एका साच्याचा हट्ट सोडा. तसंही वेगळं लेबल लागणारच. इथे 'नोम ०५०' म्हणून नियम आहे. दुकानात विकायच्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, मूळ देश हे सगळं स्पॅनिशमध्ये असावं लागतं. म्हणजे मेक्सिकोच्या लेबलवर मेक्सिकोतल्या माणसाचा पत्ता येणार, ते चिलीला उपयोगाचंच नाही. वेगळं छापायचंच आहे तर तिथे बिनधास्त कुबेता लिहा. तुमच्या आयातदाराकडून मजकूर तपासून घ्या, ते स्वतःच सांगतील.

सदाफुली
मिरजकर, हे कुणीच सांगितलं नव्हतं! मी एका साच्यासाठी डोकं फोडत होते आणि साचा मुळात दोनच व्हायचे होते.

संत्रा_बर्फी
मग काय ठरलं ते लिहून जा ताई. नाहीतर लोक उत्तर मिळालं की गायब होतात.

सदाफुली
नाही हो, लिहितेय. काल संध्याकाळी प्रूफ घेऊन कारखान्यात गेले. स्पेन आणि चिलीच्या लेबलवर 'बाल्दे / कूबो'. मेक्सिकोच्या लेबलवर 'कुबेता', खाली आयातदाराचा पत्ता. टबांना देशागणिक वेगळा शब्द, त्याची चिठ्ठी हाताने चिकटवायची. दरपत्रकात प्रत्येक ओळीला मालाचा नंबर, म्हणजे शब्द चुकला तरी बादली चुकणार नाही. चिलीवाल्यांनाही खुलासा पाठवला. बर्फाचे ट्रे मिळाले तर तेही हवेत असं त्यांचं उत्तर आलंय!

मालक मूळचे मालवणचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी प्रूफ डोळ्यांजवळ धरलं आणि मी छापलेला शब्द बोट ठेवून मोठ्यांदा वाचला. "बाल्दे. म्हणजे बालदी?" मी म्हटलं, हो. "आमच्या आवशीक इचारला असतास तर पयल्याच दिवशी सांगितला असता."

आता तीन दिवसांचं बिल कसं लावायचं ते सुचवा.